पाठराखीण

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास पाणी प्यायला उठलो, तर मुलाच्या खोलीतून दबक्या आवाजातलं बोलणं कानावर आलं. "मी आहे. मागे कुणी नाही. तू जा." रोह्यासारख्या गावात चोविशीतला मुलगा रात्री अकराला असं बोलायला लागला, की बापाच्या मनात पहिला विचार लग्नाचा येतो. दार ढकललं. अंधारात चिरंजीव डोक्यावर टोपी घालून बसलेले. टोपीला तीन बारीक दिवे, समोर कॉम्प्युटर, हातात जॉयस्टिक आणि मान सारखी उजवीकडे, डावीकडे. नमाज संपताना सलाम फेरतात ना, तशी. फक्त हा सलाम काही संपेना.

तो विमान चालवत होता. धाटावच्या कारखान्यातली पाळी संपवून घरी आलेला माझा मुलगा रात्री जेवून दुसऱ्या महायुद्धात जातो, हे मला तेव्हा कळलं. 2001 साली 'आयएल-टू स्टुर्मोविक' नावाचा रशियन खेळ आला, त्याचीच ही पुढची पिढी. इंटरनेटवरून ठिकठिकाणची माणसं एकाच आकाशात उडतात. टोपीवरचे दिवे कॅमेरा टिपतो आणि मान वळवली की विमानातलं दृश्यही वळतं. याचा जोडीदार नागपूरचा. दोघांनी एकमेकांना कधी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही.

मला वाटलं, गोळीबाराचा खेळ, त्यात पाहायचं काय? पण स्टूल ओढून बसलो आणि पुढे बरेच दिवस बसत राहिलो. कारण त्यात गोळ्या थोड्या आणि बघणं फार. एकटा उडणारा फार वेळ टिकत नाही, हे मुलानं पहिल्याच दिवशी सांगितलं. कारण साधं आहे. विमानातून पुढचं दिसतं, बाजूचं दिसतं, स्वतःच्या शेपटीखालचं दिसत नाही. आणि मारणारा बहुधा तिथूनच येतो. म्हणून दोघांनी जायचं. एक पुढारी आणि दुसरा त्याचा विंगमन.

हा विंगमन पुढाऱ्याला चिकटून उडत असेल, अशी माझी समजूत. तसं नाही. चिकटून उडणाऱ्याची नजर सगळी पुढच्याच्या पंखावर, टक्कर होऊ नये म्हणून. मग आकाश बघणार कोण? 1940 साली ब्रिटिश वैमानिक तिघातिघांच्या घट्ट बाणाकृती रचनेत उडायचे, त्यांची हीच पंचाईत झाली. त्याआधी स्पेनच्या यादवी युद्धात वेर्नर मोल्डर्स या जर्मन वैमानिकाने आणि त्याच्या सोबत्यांनी सैलसर जोड्या करून पाहिल्या होत्या. चांगलं काही शत्रूकडूनही शिकावं लागतं. ब्रिटिशही पुढे तेच शिकले. दोघांत काही शे मीटरचं अंतर ठेवून शेजारी-शेजारी उडायचं. म्हणजे माझी पाठ तुला दिसते, तुझी मला. पुढारी खाली झेप घेतो तेव्हा दुसऱ्यानं वरच थांबायचं, गोळी न झाडता. जागा बरोबर राखण्यासाठी त्याला सारखी गती कमीजास्त करावी लागते, त्यामुळे इंधन त्याचंच आधी संपतं. परतायची वेळही म्हणून त्याच्या टाकीकडे बघून ठरते. पडद्यावर मात्र नाव येतं ते ज्याच्या गोळीनं विमान पडलं त्याचं.

मला सगळ्यात आवडली ती थॅच नावाच्या अमेरिकन नौदल वैमानिकाची गोष्ट. जपानी 'झीरो' विमान त्यांच्या 'वाइल्डकॅट'पेक्षा चपळ होतं, वळण्यातही आणि चढण्यातही. 1941 साली जॉन थॅच रात्री घरच्या टेबलावर काडेपेटीतल्या काड्या मांडून बसायचा. त्यातून त्याला एक तोड सापडली. दोन विमानं अंतर ठेवून समांतर उडताहेत आणि एकाच्या मागे शत्रू लागला. पळायचं नाही. दोघांनी एकमेकांच्या दिशेनं वळायचं, वेणीचे पेड एकमेकांवरून जातात तसं. पाठलाग करणारा मागोमाग वळतो आणि नेमका दुसऱ्याच्या तोफांसमोर येतो. जून 1942 मध्ये मिडवेच्या लढाईत थॅचने ही वेणी प्रत्यक्ष घालून दाखवली. यात मेख अशी, की ज्याच्या मागे शत्रू आहे त्याला तो दिसतच नाही. जोडीदार वळला, म्हणजे आपल्यामागे कुणीतरी आहे, एवढ्या विश्वासावर वळायचं.

रेडिओवर बोलायचे त्यांचे चार शब्द आहेत. कवी असल्यामुळे मी त्यांवर फार वेळ अडलो. शत्रू दिसला तर 'टॅली', नाही दिसला तर 'नो जॉय'. आपला माणूस दिसतोय तर 'व्हिज्युअल', आणि दिसेनासा झाला तर 'ब्लाइंड'. शत्रू दिसत नाही, तर नुसती नाराजी. सोबती दिसत नाही, तर आंधळा! 14 डिसेंबर 1971 च्या सकाळी श्रीनगरच्या धावपट्टीवर हल्ला होत असताना आपली दोन नॅट विमानं उडाली. वर जाताच दोघं एकमेकांना दिसेनासे झाले. दुसऱ्या क्रमांकावर होते निर्मलजीतसिंग सेखों. सेबर विमानांशी ते एकटे लढले आणि गेले. हवाई दलाला मिळालेलं आजवरचं एकमेव परमवीरचक्र त्यांचं आहे.

विंगमनला मराठीत काय म्हणावं? माझ्या मनात आधी आली पाठराखीण. नव्या नवरीबरोबर सासरी जाते ती. तिच्यासाठी ना शालू ना वरात. तिनं फक्त जवळ असायचं. दुसरा शब्द आमच्या गझलेतला, रदीफ. शेराच्या शेवटी तोच तो परत येणारा शब्द. अरबीत त्याचा मूळ अर्थ, एकाच घोड्यावर किंवा उंटावर मागे बसलेला स्वार. इतकी वर्षं मी रदीफ लिहितोय, पण त्या मागे बसलेल्याचा विचार या खेळानं करायला लावला.

ऑगस्टमध्ये एका रात्री गडबड झाली. नागपूरच्या मुलानं झेप घेतली, आमचा वर राखणीला. तेवढ्यात त्याला धूर सोडत जाणारं एक जखमी विमान दिसलं. आयता घास. हा त्याच्या मागे गेला, पाडलं, पडद्यावर नाव आलं. मी स्टुलावरून शाबासकीसुद्धा दिली. आणि इकडे कानात नागपूरचा आवाज, "ब्लाइंड... टू, कुठं आहेस?" दोनदा. मग शांतता.

खेळच तो, मिनिटभरात नवं विमान मिळतं. पण तो मुलगा पुढचे तीन दिवस आला नाही. चौथ्या दिवशी जेवताना मुलानं विचारलं, "अब्बा, सॉरी म्हटलं तर ते खोटं वाटेल का?" मला उत्तर देता आलं नाही.

आमच्या रायगडात कबड्डी रक्तात असते. 1989 साली मी डाव्या कोपऱ्याच्या शेजारी खेळायचो. कोपऱ्याला माझा मित्र. दोघांनी हात धरून साखळी करायची. तो पुढे झेपावला की मी त्याला सोडायचं नाही, इतकंच माझं काम. अंतिम सामन्यात चढाईपटूचा घोटा माझ्या अगदी समोर आला. मी हात सोडला. पकड माझी झाली, टाळ्या मला मिळाल्या. मित्र मात्र त्याच क्षणी पुढे झेपावला होता, माझ्या हाताच्या भरवशावर. तो एकटाच आदळला आणि त्याचा गुडघा गेला. पुन्हा तो मैदानात उतरला नाही. पुढे त्यानं दुकान टाकलं. आम्ही रोज भेटतो, चहा पितो, त्या सामन्याबद्दल बोलत नाही.

त्याच आठवड्यात मी त्याच्या दुकानी गेलो. बोलायचं ठरवून गेलो होतो, पण बोललो ते तांदळाच्या भावाबद्दल. पाऊस आला, त्यानं दुकान बंद केलं. गुडघ्यामुळे त्याला चालायला वेळ लागतो, म्हणून म्हटलं, "बस मागे, सोडतो." एक पाय हातानं उचलून तो स्कूटरवर बसला. कुंडलिकेच्या पुलाकडे वळताना माझ्या चष्म्यावर सगळं पाणी, काही दिसेना. मी म्हणालो, "त्या फायनलला मी तुझा हात..."

"थांब," तो मागून म्हणाला, "टेम्पो येतोय. जाऊ दे त्याला."

टेम्पो गेला.

"हां. आता चल, आणि बोल."