वायगावची हळद आणि न विरघळणारं औषध

आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या, समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. तिच्यात पिवळा रंग देणारं कुरकुमीन भरपूर, साधारण 6 टक्के. हीच हळद पेलाभर पाण्यात ढवळून ठेवा. थोड्या वेळानं पूड तळाशी बसलेली दिसेल. कुरकुमीन तेला-तुपात उतरतं, पाण्यात जवळजवळ नाहीच.

हाच पेच कितीतरी औषधांचा आहे. गोळी पोटात गेली म्हणजे औषध रक्तात पोचलं, असं नव्हे. आधी ते आतड्यातल्या पाण्यात विरघळायला हवं. नाहीतर बरंचसं तसंच बाहेर पडतं.

मग औषध बनवणारे कण बारीक करतात. एक सेंटिमीटरचा चौकोनी खडा एकेक मिलिमीटरच्या तुकड्यांत फोडला, तर पाण्याला भिडणारा पृष्ठभाग 10 पट होतो! कधी पाण्याची ओढ असलेल्या पॉलिमरमध्ये औषध मिसळून त्याचे घट्ट स्फटिक मोडतात, कधी ते तेलात विरघळवून कॅप्सूलमध्ये भरतात.

कुरकुमीनची आणखी एक अडचण आहे. जे थोडं शोषलं जातं, त्याचंही रूप आतडं आणि यकृत झटपट बदलून टाकतात. 1998 मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी 2 ग्रॅम कुरकुमीनसोबत हा बदल मंदावणारं मिऱ्यातलं 20 मिलिग्रॅम पायपरिन दिलं, तेव्हा माणसांच्या रक्तात कुरकुमीन सुमारे 20 पट उपलब्ध झालं.

पण पायपरिन इतर औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवू शकतं. म्हणून कळकळीनं सांगते, रोजची औषधं चालू असतील तर हळद-मिऱ्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. भाजीतली हळद मात्र खुशाल खा.