खताआधी मातीचा नमुना



 दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी इथे, बिरसीत, धावपट्टी बांधली आणि विमानतळामुळे गावाचे नाव दूरवर गेले. पण या भागाची खरी ओळख धानाची आहे.

आपल्या वाडवडिलांना जमिनीची पारख होती. कन्हार, मोरांड, सिहार, खरडी, बर्डी अशी नावे त्यांनी दिली. भारी धान कुठे लावायचे आणि हलके कुठे, हे ते मातीवरून ठरवत. खताच्या बाबतीत मात्र ही पारख सुटली. शेजाऱ्याने किती पोती टाकली ते पाहून आपण टाकतो. पीक हिरवेगार दिसावे म्हणून युरिया वाढत जातो आणि पुढे धान लोळते, तुडतुडे वाढतात.

विदर्भातील धानाला सर्वसाधारणपणे हेक्टरी 100 किलो नत्र, 50 किलो स्फुरद आणि 50 किलो पालाश अशी मात्रा सांगितली जाते. ती सरासरी झाली. आपल्या जमिनीत काय कमी, काय जास्त, हे मातीच सांगेल. उदाहरणार्थ, रोवणीनंतर काही आठवड्यांत पानांवर तांबूस ठिपके येऊन वाढ खुंटते, तो खैरा रोग. त्याचे मूळ जस्ताच्या कमतरतेत आहे, हे 1966 मध्ये पंतनगरला डॉ. वाय. एल. नेने यांनी दाखवले. युरियाने तो बरा होत नाही. माती परीक्षणात जस्त 0.6 पीपीएमपेक्षा कमी निघाले, तर हेक्टरी 25 किलो झिंक सल्फेट कामी येते.

अशा परीक्षणासाठी 2015 मध्ये मृद आरोग्य पत्रिका योजना सुरू झाली. पत्रिकेवर 12 घटकांची नोंद असते. पण योजनेतला एक नमुना बागायती भागात अडीच हेक्टरांसाठी, तर कोरडवाहूत 10 हेक्टरांसाठी घेतला जातो. आपल्या बांध्या लहान आहेत. वरची बांधी आणि खालची बांधी सारखी नसते. म्हणून आपला नमुना आपणच काढला पाहिजे.

उन्हाळ्यात, खत टाकण्यापूर्वी, धुरा, उकिरडा आणि झाडाखालची जागा सोडून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा, वीतभर खोल खड्डा घ्या. कडेची माती काढून एकत्र मिसळा आणि त्यातली अर्धा किलो प्रयोगशाळेत द्या.

पाहुण्या शास्त्रज्ञांना माझी विनंती आहे की पत्रिकेतल्या आकड्यांचा हिशेब पोत्यांत आणि किलोंत समजावून सांगावा. आणि शेतकरी बांधवांनो, येत्या हंगामात आधी पत्रिका वाचा, मगच खताचे पोते फोडा.

जय जवान, जय किसान!