पर्यावरणस्नेही घर : अंदाजपत्रक, ठेकेदार आणि करार



सामान्य भारतीय कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत मोठा आर्थिक व्यवहार म्हणजे घराची बांधणी होय. भविष्य निर्वाह निधीतील शिल्लक, दागिने मोडून उभी केलेली रक्कम आणि पुढील वीस वर्षांच्या वेतनाच्या भरवशावर काढलेले कर्ज, असा सारा पैसा या एका व्यवहारात ओतला जातो. कुटुंब हा व्यवहार बहुधा एकदाच करते. ठेकेदार मात्र तो दरवर्षी करीत असतो. अनुभवाची ही तफावत हाच या विषयाचा गाभा आहे. घर पर्यावरणस्नेही असेल, तर ही तफावत अधिकच रुंदावते.

माहितीची विषमता

विक्रेत्याला वस्तूचा दर्जा ठाऊक असतो आणि ग्राहकाला नसतो, तेव्हा बाजारात निकृष्ट माल चांगल्या मालाला बाहेर ढकलतो, हा सिद्धांत जॉर्ज अॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन मांडला. २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे ते सहमानकरी होते. घरबांधणीला हा सिद्धांत तंतोतंत लागू पडतो. काँक्रीटमध्ये सिमेंटचे प्रमाण किती होते, भिंतीवर पाणी किती दिवस मारले, हे गिलावा झाल्यावर दिसत नाही. दोष उघड होतो तो दोन-तीन पावसाळ्यांनंतर आणि तोवर ठेकेदाराचे बिल चुकते झालेले असते.

पर्यावरणस्नेही बांधकामात आणखी एक अडचण असते. पोकळ जोडणीच्या भिंती किंवा दाबून घडवलेल्या मातीच्या विटा यांचे काम जाणणारे गवंडी थोडे आहेत. त्यामुळे ‘हे काम आम्हाला येते’ या ठेकेदाराच्या आश्वासनाची पारख करणे कुटुंबाला कठीण जाते.

बेकर यांच्या कामाचा धडा

या संदर्भात केरळचा अनुभव उद्बोधक आहे. अर्थतज्ज्ञ के. एन. राज यांच्या पुढाकाराने तिरुवनंतपुरम येथे स्थापन झालेल्या विकास अध्ययन केंद्राची वास्तू लॉरी बेकर यांनी उभारली. पुढे १९८५ मध्ये ‘कॉस्टफोर्ड’ ही संस्था स्थापन करण्यात या दोघांचा सहभाग होता. बेकर यांनी रूढ केलेल्या ‘रॅट-ट्रॅप’ पद्धतीत विटा कडेवर उभ्या रचल्या जातात आणि मधे पोकळी राखली जाते. विटांची सुमारे एक-चतुर्थांश बचत होते व पोकळीतील हवेमुळे उष्णता आत येण्यास अटकाव होतो. ‘फिलर स्लॅब’मध्ये छताच्या खालच्या भागातील, ताण न पेलणाऱ्या काँक्रीटच्या जागी मंगलोरी कौले बसवली जातात.

ही बचत केवळ साहित्यातून आलेली नव्हती. बेकर स्वतः बांधकामावर उभे राहून गवंड्यांना घडवीत. तीच वीट अकुशल हाती पडली, तर पोकळीत मसाला भरला जातो; विटेची बचत मसाल्यात जाते आणि उष्णतारोधनही साधत नाही.

स्थानिक साहित्य आपोआप सुरक्षित असते, असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि मातीची जड धाबी यांनीच मोठी जीवितहानी घडवली. म्हणून जोते, लिंटेल व छत या पातळ्यांवरील भूकंपरोधक पट्टे आणि मातीची चाचणी या बाबींना अंदाजपत्रकात कात्री लावता येत नाही.

आयुष्यभराच्या खर्चाचे अंदाजपत्रक

पारंपरिक अंदाजपत्रक बांधकाम पूर्ण होण्याच्या दिवशी थांबते. पर्यावरणस्नेही घराचा हिशेब मात्र वापराच्या संपूर्ण काळाचा असावा लागतो. एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. छताचे उष्णतारोधन, खिडक्यांवरील खोल छज्जे आणि वायुवीजन यांवर ६० हजार रुपये जादा खर्च होतात व त्यामुळे विजेच्या बिलात वर्षाला ९ हजार रुपये वाचतात, असे समजू. वार्षिक ८ टक्के वटाव दराने वीस वर्षांतील या बचतीचे वर्तमान मूल्य सुमारे ८८ हजार रुपये होते. गुंतवणूक किफायतशीर ठरते.

आता काम सदोष झाल्यामुळे वार्षिक बचत ६ हजारांवर आली, असे मानू. वर्तमान मूल्य सुमारे ५९ हजारांवर उतरते आणि तीच गुंतवणूक तोट्यात जाते. साहित्य तेच, नकाशा तोच, खर्चही तोच; बदलला तो केवळ हात. ठेकेदाराची निवड आणि अंदाजपत्रक हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, हे या आकडेमोडीतून स्पष्ट होते.

अंदाजपत्रकात आणखी तीन बाबी दुर्लक्षित राहतात. पहिली, देखरेख. स्वतंत्र अभियंत्याचे शुल्क वाचवणे म्हणजे माहितीच्या विषमतेवरील एकमेव उतारा नाकारणे होय. दुसरी, विलंब. २० लाखांचे कर्ज पूर्ण उचललेले असेल आणि व्याजदर साडेआठ टक्के असेल, तर सहा महिन्यांच्या विलंबाने केवळ व्याजापोटी ८५ हजार रुपये जातात. चालू घरभाडे वेगळेच. तिसरी, रोख रकमेची गरज. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर : मोफत वीज योजने’त ३ किलोवॅट क्षमतेच्या सौर संचाला ७८ हजार रुपयांचे अनुदान ठरवण्यात आले, परंतु ते संच कार्यान्वित झाल्यानंतर खात्यात जमा होते. आरंभीच्या खर्चाची तजवीज आधीच हवी. याखेरीज अनपेक्षित बाबींसाठी एकूण खर्चाच्या दहा टक्के राखीव ठेवणे श्रेयस्कर.

सर्वांत कमी दराचा मोह

प्रति चौरस फूट दर हा ठेकेदार निवडण्याचा सर्वाधिक प्रचलित आणि सर्वाधिक फसवा निकष आहे. एकाचा दर १,८०० व दुसऱ्याचा २,००० रुपये असेल, तर १,००० चौरस फुटांच्या घरात दोन लाखांचा फरक दिसतो. पण पहिल्याच्या दरात पाण्याची टाकी, पावसाच्या पाण्याची साठवण, छज्जे धरलेलेच नसतील, तर ती सारी ‘जादा काम’ म्हणून पुढे बिलात येतात. शिवाय, खर्चाचा अंदाज सर्वाधिक चुकलेला निविदाकारच बहुधा सर्वांत कमी दर देतो. अर्थशास्त्रात याला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. असा ठेकेदार काम अर्धवट सोडतो किंवा साहित्यात काटकसर करतो.

यावर उपाय सोपे आहेत. प्रथम अभियंत्याकडून परिमाणांसह बाबनिहाय यादी करून घ्यावी आणि सर्व ठेकेदारांकडून त्याच यादीवर दर मागवावेत. ठेकेदाराने बांधलेली, किमान दोन पावसाळे पाहिलेली घरे पाहावीत व तेथील रहिवाशांशी बोलावे. मुकादम आणि गवंडी तेच येणार आहेत का, हे विचारावे. मातीच्या विटांचे काम असेल, तर नमुन्याची भिंत आधी बांधून घ्यावी व तिचे पैसे द्यावेत. हा खर्च नव्हे, माहितीची किंमत आहे.

करार आणि हप्ते

भविष्यातील प्रत्येक शक्यता करारात लिहिणे अशक्य असते. करारांच्या सिद्धांतासाठी ऑलिव्हर हार्ट व बेंग्ट होल्मस्ट्रॉम यांना २०१६ चे नोबेल मिळाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधी ठोक रकमेचा करार केलेल्या घरात या कपातीचा लाभ कोणाचा, मालकाचा की ठेकेदाराचा? करारात दरबदलाचे कलम नसेल, तर वाद अटळ. म्हणूनच साहित्याची प्रत, दरबदल, जादा कामाची लेखी पूर्वसंमती आणि विलंबाची भरपाई ही कलमे आवश्यक ठरतात.

हप्त्यांची रचना हे कुटुंबाच्या हातातील सर्वांत प्रभावी साधन आहे. पैसे कामाच्या मागे चालावेत, पुढे नव्हे. २००१ च्या कच्छ भूकंपानंतर गुजरातमध्ये घरमालकांना मदत टप्प्याटप्प्याने, तांत्रिक तपासणीनंतर देण्यात आली. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मध्येही बांधकामाच्या टप्प्यांनुसार हप्ते मिळतात आणि घर ठेकेदाराऐवजी लाभार्थ्याने स्वतः बांधावे, असा दंडक आहे. शासन जी दक्षता घेते, तीच कुटुंबाने घ्यावी. पाया, जोते, छत, गिलावा असे टप्पे बँकेच्या कर्जवितरणाशी जुळवावेत, उचल कमीत कमी द्यावी आणि पाच ते दहा टक्के अनामत एक पावसाळा उलटेपर्यंत राखावी.

कायद्यातील पोकळी

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ नुसार विकासकाला ग्राहकांकडील रकमेचा ७० टक्के भाग स्वतंत्र खात्यात ठेवावा लागतो, लेखी कराराविना १० टक्क्यांहून अधिक आगाऊ रक्कम घेता येत नाही आणि पाच वर्षांपर्यंत संरचनेतील दोषांची जबाबदारी त्याच्यावर राहते. हा कायदा विक्रीसाठी होणाऱ्या बांधकामाचा आहे. स्वतःच्या भूखंडावर ठेकेदाराकडून घर बांधून घेणाऱ्या कुटुंबाला हे संरक्षण नाही. त्याला आधार उरतो तो १८७२ च्या करार अधिनियमाचा आणि ‘सेवा’ या संज्ञेत गृहबांधणीचा समावेश करणाऱ्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चा. दोन्हींत लेखी पुरावा निर्णायक असतो; तोंडी व्यवहार करणारे कुटुंब तेथे रिकाम्या हाताने उभे राहते.

ऊर्जाबचतीच्या नियमनातही लहान घर असेच कडेला राहिले. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ‘इको-निवास संहिता’ २०१८ मध्ये जाहीर झाली, तेव्हा तिची कक्षा किमान ५०० चौरस मीटर भूखंडावरील निवासी इमारतींपुरती होती. देशातील असंख्य कुटुंबे मात्र याहून कितीतरी लहान भूखंडावर, गावातील गवंड्याच्या भरवशावर घर बांधतात.

ही पोकळी भरून काढण्यासाठी धोरणाच्या पातळीवर तीन गोष्टी आवश्यक आहेत : पर्यायी तंत्रज्ञानाचे प्रशिक्षण घेतलेल्या गवंड्यांना प्रमाणपत्र आणि त्यांची तालुकानिहाय यादी, लहान घरांसाठी स्थानिक भाषेतील नमुना करार, आणि माफक शुल्कात देखरेख करणारे अभियंते. पर्यावरणस्नेही साहित्याला अनुदान देण्याइतकेच त्या साहित्याला योग्य हात मिळवून देणे महत्त्वाचे आहे. अन्यथा उष्णता अडवण्यासाठी उभारलेली भिंत कुटुंबाची पुंजी मात्र अडवून ठेवील.