जलप्रलयाच्या कथा : निनवेच्या पाट्या, मनूचा मासा आणि नोहाचें तारूं
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेलें भाषण)



या मंगल प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हां आम्हांस प्रथम संकोच वाटला. अशा समयीं देवळाचा इतिहास सांगावा, ज्यांनीं त्याचा पाया घातला त्यांचे गुण गावे, ही रीत आहे. आणि तें काम आमच्याहून अधिक अधिकारी वक्त्यांनीं उत्तम रीतीनें केलेंच आहे. आम्हीं आज निराळा विषय घेतला आहे, त्याचें कारण सांगतों. महाविद्यालयांत शिकणाऱ्या, आपल्याच धर्मग्रामांतील एका तरुणानें गेल्या उपवासकाळांत आम्हांस विचारलें : "नोहाची कथा बायबलाहून जुन्या एका काव्यांत जवळजवळ जशीच्या तशी आहे, असें आम्हांला शिकविलें. मग आपलें शास्त्र उसनें कीं काय?" घरीं त्यानें हेंच विचारलें, तेव्हां 'गप्प बैस' एवढेंच उत्तर मिळालें होतें. गप्प बसविलेला प्रश्न नाहींसा होत नाहीं. तो देवळाबाहेर उत्तर शोधावयास जातो, आणि कधीं कधीं विचारणाराही त्याच्या मागोमाग जातो. म्हणून त्याचें उत्तर सर्वांसमक्ष देण्याचा यत्न करतों.

प्रथम तें काव्य सांपडलें कसें, तें पाहूं. हल्लीच्या इराकांत, मोसूल शहराजवळ, तैग्रीस नदीच्या तीरावर निनवे या प्राचीन राजधानीचे अवशेष आहेत. योना संदेष्ट्याला देवानें जेथें पाठविलें, तेंच हें निनवे. तेथें १८५३ सालीं होर्मुझ्द रसाम या, मोसूललाच जन्मलेल्या ख्रिस्ती गृहस्थानें अश्शूरचा राजा असुरबनिपाल याचा वाडा उकरून काढला. त्यांत राजाच्या ग्रंथालयाच्या हजारों पाट्या निघाल्या. ओल्या मातीवर बोरूच्या टोकानें खिळ्यांसारखीं अक्षरें उमटवून त्या लिहिलेल्या होत्या. त्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें गेल्या, आणि पुष्कळशा वर्षानुवर्षें कोणी न वाचतां पडून राहिल्या.

तेथें जॉर्ज स्मिथ नांवाचा एक मनुष्य काम करूं लागला. तो मूळचा नोटांचे ठसे कोरणारा कारागीर. विद्यापीठाचें शिक्षण त्यास नव्हतें. पण पाट्यांवरील लिपि तो स्वतःच्या उद्योगानें शिकला. १८७२ सालीं एका फुटक्या पाटीवर त्यास असें वाचावयास मिळालें कीं, एक नौका डोंगराला लागली आहे, आणि तिच्यांतून सोडलेली पारवी बसावयास जागा न मिळाल्यामुळें परत आली आहे. ३ डिसेंबर १८७२ रोजीं त्यानें हा शोध विद्वानांच्या सभेपुढें मांडला. इंग्लंडचे मुख्य प्रधान ग्लॅडस्टन त्या सभेस हजर होते. पुढील वर्षीं एका वर्तमानपत्रानें खर्च दिला, आणि स्मिथ स्वतः निनवेस जाऊन प्रलयकथेचा आणखी एक तुकडा घेऊन आला. १८७६ सालीं अशाच एका प्रवासांत, वयाच्या ३६ व्या वर्षीं, तो आलेप्पो येथें मरण पावला.

त्यास सांपडलेला भाग गिल्गमेश महाकाव्याच्या अकराव्या पाटीचा होता. ऊरुक नगरीचा राजा गिल्गमेश आपल्या जिवलग मित्राच्या, एन्किदूच्या मरणानें वेडा होतो, आणि मरणावर उपाय शोधीत पृथ्वीच्या टोकास जातो. तेथें त्यास उतनपिश्तिम भेटतो. मनुष्य असून अमर झालेला तो वृद्ध आपली कथा सांगतो. देवांनीं प्रलय आणावयाचें ठरविलें. 'ही गोष्ट मनुष्यास सांगावयाची नाहीं', अशी शपथ त्यांनीं घेतली होती. परंतु एआ या देवानें युक्ति केली. तो बोरूच्या कुडाशीं बोलला, आणि कुडाआड असलेल्या उतनपिश्तिमानें तें ऐकलें. घर मोडून नौका बांध, असा तो निरोप होता. मग नौका बांधली. ती लांबी, रुंदी व उंची यांत सारखीच, १२० हात. तिला डांबर फासलें. कुटुंब, कारागीर व पशु आंत घेतले. सहा दिवस आणि सात रात्री वादळ चाललें. नौका डोंगरास लागल्यावर पारवी सोडली, मग निळवी, मग कावळा. कावळा परत आला नाहीं. बाहेर येऊन त्यानें यज्ञ केला.

ज्यांनीं उत्पत्तीचें पुस्तक वाचलें आहे, त्यांस येथें नवल वाटल्यावांचून राहणार नाहीं. डांबर, पशु, डोंगर, कावळा, पारवा, यज्ञ, आणि बहुतेक त्याच क्रमानें! शिवाय निनवेची प्रत जरी इ. स. पूर्व सातव्या शतकांतील असली, तरी कथा पुष्कळ जुनी आहे. अत्रहासिस नांवाच्या दुसऱ्या बाबेली काव्याच्या इ. स. पूर्व सतराव्या शतकांतील पाट्या मिळाल्या आहेत, आणि सुमेर भाषेंतही झिउसुद्र राजाची अशीच कथा आहे. आमचे पितर इब्री लोक याच मुलुखाच्या शेजारीं राहिले, इ. स. पूर्व ५८६ सालीं यरुशलेम पडल्यावर त्यांचे कित्येक लोक बाबेलांत बंदिवान होऊन गेले. खुद्द पालेस्ताइनांत, मगिद्दो येथें, गिल्गमेश काव्याचा एक तुकडा सांपडला आहे. तेव्हां त्या तरुणानें ऐकलेली माहिती खरी आहे, आणि ती खरी म्हणून कबूल करण्यांत आमच्या श्रद्धेस कांहीं उणेपणा येत नाहीं.

परंतु कथा तीच असली, म्हणून सांगणेंही तेंच असतें काय? एकाच मातीचा घडा होतो आणि पणतीही होते. दोन्ही कथांस आपण तीन प्रश्न विचारूं.

पहिला प्रश्न : प्रलय कां आला? अत्रहासिस काव्य म्हणतें कीं, मनुष्यें वाढलीं, त्यांचा गलबला वाढला, आणि एन्लिल देवाची झोंप मोडली. गिल्गमेश काव्यांत तर प्रथम कारणच दिलेलें नाहीं. उत्पत्तीच्या पुस्तकांत कारण स्पष्ट आहे : पृथ्वी जुलमानें भरली होती. आणि तेथें देवाचा क्रोध नव्हे, देवाचें दुःख प्रथम सांगितलें आहे. आपण केलेल्या मनुष्याकडे पाहून त्याच्या हृदयास क्लेश झाले.

दुसरा प्रश्न : प्रलयांत देव कसा दिसतो? बाबेलचे देव आपणच आणलेल्या पाण्यास भिऊन स्वर्गांत पळतात आणि कुत्र्यांसारखे भिंतीशीं अंग चोरून बसतात. प्रलय संपल्यावर यज्ञाचा वास येतांच ते माश्यांसारखे भोंवतीं जमतात, कारण त्यांस अन्न देणारा कोणी उरला नव्हता. नोहाचा देव पाण्याचा स्वामी आहे. तारवाचें दार तो स्वतः बंद करतो.

तिसरा प्रश्न : शेवटीं काय मिळतें? उतनपिश्तिमास व त्याच्या बायकोस अमरत्व मिळतें. तें फक्त त्यांना, आणि माणसांपासून दूर. नोहा मर्त्यच राहतो. तो जमीन कसतो, द्राक्षमळा लावतो, एके दिवशीं पिऊन झिंगतोही. पण त्याच्या हातीं करार येतो. तो त्याच्या एकट्याशीं नव्हे, तर त्याच्या वंशाशीं आणि पृथ्वीवरील प्रत्येक जिवंत प्राण्याशीं केलेला. मेघांतलें धनुष्य त्याची खूण.

या तुलनेनें त्या जुन्या काव्यास आम्हीं तुच्छ लेखावें, असें मात्र नाहीं. त्याच अकराव्या पाटींत एआ देव एन्लिलास खडसावतो कीं, पाप्याला त्याच्या पापाचें शासन कर, सरसकट सर्वांस बुडवूं नकोस. न्यायाची ही हांक ऐकून आपलें मस्तक लवावें. आणि गिल्गमेशाचें रडणें कोणास परकें वाटेल? तारुण्य देणारी वनस्पति त्यास मिळते, वाटेंत तो स्नान करीत असतां एक सर्प ती घेऊन जातो, आणि तो रिकाम्या हातानें आपल्या नगरास परततो. ज्यानें आपलें माणूस स्मशानांत ठेविलें आहे, त्यास हें काव्य कळण्यासाठीं बाबेलची भाषा येण्याची गरज नाहीं.

आतां आपल्या शेजाऱ्यांच्या घरची कथा. शतपथ ब्राह्मणांत असें आहे कीं, मनु सकाळीं हात धूत असतां एक इवलासा मासा त्याच्या हातांत आला आणि म्हणाला, मला सांभाळ, मी तुला तारीन. मनूनें त्यास प्रथम घड्यांत, मग खळग्यांत ठेविलें, आणि मोठा झाल्यावर समुद्रांत सोडलें. पूर आला तेव्हां त्यानें नौकेचा दोर माशाच्या शिंगास बांधला, आणि माशानें ती उत्तरेच्या पर्वतास नेली. महाभारताच्या वनपर्वांत हीच कथा वाढली आहे. तेथें मनूबरोबर सप्तर्षि आहेत, सर्व प्रकारचीं बीजें आहेत, आणि मासा आपण ब्रह्मा असल्याचें सांगतो. मत्स्यपुराणांत तो विष्णु आहे. या कथेचें मर्म आम्हांस तिच्या आरंभींच दिसतें. मोठ्या माशांच्या तोंडीं जाणाऱ्या एका क्षुद्र जीवावर दया केली, आणि तीच दया पुढें तारक झाली. ज्यांच्या शेजारीं आपण पिढ्यान् पिढ्या राहत आलों, त्यांच्या आजीच्या तोंडीं ही कथा असते. ती आदरानें ऐकण्यांत आपलें कांहीं जात नाहीं.

मग प्रलय खरोखर झाला कीं नाहीं? मेसोपोटेमियाच्या सपाट भूमींत मोठे पूर वारंवार येत. उर, शुरुप्पाक इत्यादि प्राचीन नगरांच्या खोदकामांत गाळाचे थर मिळाले आहेत, परंतु ते सर्व एकाच काळचे नाहींत. सगळी पृथ्वी एकाच वेळीं बुडाल्याचा पुरावा भूगर्भशास्त्रास मिळालेला नाहीं. येथें धर्मसभेची शिकवण लक्षांत ठेवावी. पोप बारावे पायस यांनीं १९४३ सालीं, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं सांगितलें कीं, शास्त्राचा अर्थ जाणावयाचा तर लेखकानें कोणता वाङ्मयप्रकार योजला, तें प्रथम पाहिलें पाहिजे. इतिहास निराळा, काव्य निराळें, दृष्टांत निराळा. परमेश्वर मनुष्यांशीं मनुष्यांच्या भाषेंत बोलला. त्या भाषेंत शब्दांप्रमाणें जुन्या कथाही आल्या.

याचें उदाहरण आपल्या मराठींतच आहे. १५७९ सालीं गोव्यास आलेले येशुसंघीय फादर थॉमस स्टीफन्स हे जातीचे इंग्रज. त्यांनीं ख्रिस्तपुराण रचलें आणि तें १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. आदामापासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा त्यांनीं कोणत्या सांच्यांत ओतली? येथील लोकांच्या कानांत बसलेल्या ओवींत, पुराणाच्या थाटांत. ओवी उसनी घेतली म्हणून संदेश उसना झाला, असें कोणी म्हणत नाहीं. उत्पत्तिकारानें बाबेलच्या कथेचें जें केलें, तेंच हजारों वर्षांनीं या धर्मगुरूंनीं आमच्या ओवीचें केलें, असें आम्हांस वाटतें.

आतां एक बोंचणारी गोष्ट बोलतों. बाबेलच्या काव्यांत नौका बांधावयास गांवचे लोक येतात, श्रम करतात, आणि उतनपिश्तिम, एआच्या शिकवणीवरून, त्यांस खरें सांगत नाहीं. तुमच्यावर समृद्धीचा पाऊस पडेल, अशी भूल देतो. नोहानें शेजाऱ्यांस काय सांगितलें, याविषयीं उत्पत्तीचें पुस्तक मुकें आहे. अब्राहामानें सदोमासाठीं देवाशीं रदबदली केली, तशी नोहानें कोणासाठीं केल्याचें लिहिलेलें नाहीं. पेत्राच्या दुसऱ्या पत्रांत मात्र त्यास नीतिमत्त्वाचा उपदेशक म्हटलें आहे. जणु मागाहूनच्या श्रद्धावंतांसही तें मौन सोसवलें नाहीं.

तें आपणांसही सोसूं नये. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि मुंबई व आसपासच्या प्रदेशांत शेंकडों माणसें गेलीं. अशा वेळीं कोणीतरी म्हणतोच कीं, हें पापाचें फळ. बंधूंनो, धनुष्याचा करार वाचलेल्या ख्रिस्ती माणसाच्या तोंडीं हें वाक्य शोभत नाहीं. ऑगस्ट २०१८ मध्यें केरळांत महापूर आला, तेव्हां समुद्रकांठच्या मच्छीमारांनीं आपल्या होड्या ट्रकांवर चढविल्या आणि आंतल्या गांवांत नेऊन हजारों लोकांस बाहेर काढलें. त्यांत आपले कॅथलिक बांधवही पुष्कळ होते. बुडणाऱ्याचा धर्म त्यांनीं विचारला नाहीं. स्त्रियांना होडींत चढतां यावें म्हणून एक मुसलमान तरुण पाण्यांत ओणवा झाला आणि त्याच्या पाठीवर पाय देऊन त्या चढल्या. प्रलयाच्या कथेवरील याहून चांगलें प्रवचन आम्हीं ऐकलेलें नाहीं.

त्या तरुणास आमचें उत्तर इतकेंच : बाबा, कथा जुनी आहे, शेजारच्या घरांतही आहे, आणि तुझ्या शिक्षकांनीं खोटें सांगितलेलें नाहीं. ती वाच, दोन्ही वाच. मग पास्खाच्या रात्रीं, बाप्तिस्म्याच्या पाण्यावर आशीर्वाद मागतांना धर्मगुरू त्याच प्रलयाचें स्मरण करतात, तें लक्ष देऊन ऐक, आणि आपण कोणत्या पाण्यांतून बाहेर आलों, हें स्वतःशीं विचार.

आपल्या देवळाच्या ज्या भागांत आपण सर्व बसतों, त्यास लॅटिन भाषेंत नौकेचेंच नांव आहे. पन्नास वर्षांपूर्वीं आपल्या वाडवडिलांनीं हें तारूं बांधलें. त्यांत जागा अजून पुष्कळ आहे, आणि दार आंतून लावून घेण्याचा अधिकार आपणांस दिलेला नाहीं.