स्वयंपाकघरातील वायुवीजन व अग्निसुरक्षा



आपल्या कौलारू घरांत चुलीचा धूर वर चढून धुराड्यावाटे व कौलांच्या फटींतून बाहेर पडे. पुढे गॅसची शेगडी आली. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने ती खेडोपाडीही पोहोचविली. वायुवीजनाविषयीची आपली समजूत मात्र चुलीच्या काळातीलच राहिली आहे.

धूर उष्ण असल्यामुळे वर जातो. याउलट, सिलिंडरमधील वायू हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. गळती झाल्यास तो जमिनीलगत पसरतो व ओट्याखाली साचतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास झाले, तरी स्फोटास एक ठिणगी पुरते. म्हणून केवळ उंचावरचा झरोका पुरेसा नाही. बाहेरच्या भिंतीत जमिनीलगतही जाळीचा झरोका ठेवावा. सिलिंडर बंद कपाटात ठेवू नये.

या वायूला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. तो वास येताच विजेचे कोणतेही बटण दाबू नये. वायू घालविण्यासाठी पंखा लावणे तर घातकच, कारण बटणातूनही ठिणगी उडते. पेटती ज्योत विझवावी, रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या सताड उघडाव्यात, सर्वांना बाहेर न्यावे आणि बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर कळवावे. आग लागल्यास १०१ क्रमांकावर अग्निशामक दलास बोलवावे.

शिक्षकांनी ही माहिती वर्गात सांगावी व ग्रामपंचायतींनी ती फलकावर लावावी, ही विनंती. भिंतीतील एका झरोक्याचा खर्च अल्प आहे. त्याने वाचणारे प्राण अमोल आहेत.