मालकी कोणाच्या नावावर?



आज पदवीदानासाठी आपण विक्रोळीत जमलो आहोत, म्हणून सुरुवात इथल्याच एका कंपनीच्या वस्तूने करते. गोदरेजचा ‘छोटूकूल’ फ्रिज तुमच्यापैकी थोड्यांनीच पाहिला असेल. वजन आठ किलोंच्या आत, झाकण वरून उघडणारं, कॉम्प्रेसर नाही. थर्मोइलेक्ट्रिक चिपवर गारवा आणि भारनियमनात १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालायची सोय. तो घडवताना कंपनीची माणसं खेड्यापाड्यांतल्या बायकांशी बोलली. बर्फाची त्यांना फारशी गरज नव्हती. दूध नासू नये, भाजी एक-दोन दिवस टिकावी आणि वेळ पडली तर फ्रिज उचलून हलवता यावा, एवढंच हवं होतं. यंत्र तसंच झालं. गरज ऐकून घेऊन केलेल्या अभियांत्रिकीचा हा उत्तम नमुना आहे, असं मी मानते. पण ज्या घरांसाठी तो बनला, तिथे तो अपेक्षेइतका रुजला नाही.

त्याची कारणं तुम्ही वर्गात शिकला असाल. मला पुढचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. गरज बायकांची, सल्ला बायकांचा. मग धंदा त्यांचा का नाही?

याचं उत्तर साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवडला आहे. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्याआधी छतासाठी प्लास्टिक घ्यायचं होतं, त्यासाठी रोज थोडे पैसे साठवायचे होते. कोणतीही बँक तिचं खातं उघडेना. तिथे काम करणाऱ्या चेतना सिन्हा यांनी बायकांचीच बँक काढायचं ठरवलं, तर रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला, कारण प्रवर्तक बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या. काही महिन्यांनी पुन्हा मुंबईत येऊन त्यांनी रिझर्व्ह बँकेच्या साहेबांना आव्हान दिलं: कुठल्याही मुद्दलाचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा! १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पुढे सिन्हा यांनी ग्रामीण बायकांसाठी व्यवसायशाळा काढली, ती बसमध्ये घालून गावोगाव नेली.

तंत्रज्ञानाचा धडाही तिथेच आहे. खात्याला पिन द्यायचं ठरलं, तेव्हा बायकाच म्हणाल्या की पिन नको, अंगठा घ्या. पिन कोणीही चोरेल, अंगठा कोण चोरणार? घरात पैसा कसा हिसकावला जातो हे जिला माहीत, तिनेच सुरक्षिततेचा हा आराखडा सांगितला. आणि इथे ती सल्ला देऊन बाजूला झाली नाही. बँक सहकारी आहे, सभासद त्याच आहेत.

विद्यार्थिनींनो, तुमच्यापैकी कितीतरी जणी विज्ञान आणि अभियांत्रिकीतून व्यवस्थापनाकडे आलात. प्रयोगशाळेत तुम्ही कमी नाही. भागभांडवलाच्या यादीत मात्र तुमची नावं विरळ दिसतात, आणि ही उणीव गुणांची नाही. घर, जमीन क्वचितच तुमच्या नावावर असते, आणि तारणावाचून कर्ज सहजासहजी मिळत नाही. २०१६ मध्ये आलेल्या ‘स्टँड-अप इंडिया’ योजनेत बँकेच्या प्रत्येक शाखेने किमान एका महिलेला नव्या उद्योगासाठी १० लाख ते १ कोटी रुपयांचं कर्ज द्यावं, अशी अपेक्षा होती. एका शाखेत किमान एक! एवढीही अपेक्षा कागदावर लिहून ठेवावी लागली, यावरून आपण कुठे आहोत ते समजा.

शेजारी पवईला आयआयटीचं उद्योगसंवर्धन केंद्र आहे. तिथे अर्ज करा. कंपनी नोंदवताना वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पुढे करू नका, तुमचं शास्त्र असेल तर हिस्साही तुमचा असू द्या. आणि तुमच्यातले जे उद्या बँकेत, गुंतवणूक संस्थेत बसतील, त्यांना माझी विनंती आहे. समोर एखादी मुलगी स्वतः बनवलेलं यंत्र घेऊन आली, तर सासऱ्याचा सातबारा मागण्याआधी तिला ते यंत्र चालवून दाखवायला सांगा.