तज्ज्ञाला प्रश्न विचारा
(नाशिकच्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



मी वकील नाही आणि डॉक्टरही नाही. मॅट्रिकपर्यंत शिकलोय, मुंबईच्या गोदीत माल उचलतो, रात्री कविता लिहितो. आणि आज बोलणार आहे खुनाच्या खटल्यात तज्ज्ञ देतो त्या साक्षीवर. कुणी म्हणेल, हमालाचा ह्याच्याशी काय संबंध? संबंध आहे. मेलेला आपला असतो. कित्येकदा आरोपीच्या पिंजऱ्यातही आपलाच असतो. आणि तज्ज्ञ बोलायला लागला, की दोन्हीकडचे आपण गप्प बसतो. इंग्रजी शब्द कानावर पडले की मान खाली. पंडितानं संस्कृत बोलावं आणि आपल्या आज्यानं हात जोडावेत, तसंच हे. ते हात आपण सोडवून घेतलेत. मग इथंच का जोडायचे?

हा विषय नाशकात काढायला कारण आहे. सोनईचा खटला ह्याच शहरात चालला. १ जानेवारी २०१३. नगर जिल्ह्यातलं, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमधलं, नेवासे तालुक्यातलं सोनई. सचिन घारू, संदीप थनवार, राहुल कंडारे. तिघंही मेहतर समाजाचे, एका शिक्षणसंस्थेत सफाईचं काम करणारे. सचिनचं एका मराठा मुलीवर प्रेम. शौचालयाची टाकी साफ करायचीय म्हणून तिघांना वस्तीवर बोलावलं. संदीप टाकीत मेलेला सापडला. राहुल आणि सचिन कोरड्या विहिरीत पुरलेले सापडले. सचिनचे तर कडबा कापायच्या अडकित्त्यानं तुकडे केलेले.

आधी सांगितलं काय? माणूस टाकीत पडला, बुडाला. अपघात.

दोस्तांनो, ही गोष्ट का रचली ते बघा. आपला माणूस मैल्याच्या टाकीत मरणं ह्या देशात इतकं नेहमीचं आहे, की खून लपवायला त्याहून सोयीची जागा नाही. २०१३ साली हातानं मैला साफ करायला बंदी घालणारा कायदा आला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं गटारात मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख द्या म्हणून सांगितलं. २०२३ साली त्याचे ३० लाख केले. मरणाचा भाव वाढला, मरणं थांबलं नाही. म्हणून टाकीत पडलेल्या मेहतराकडे बघून कुणाच्या कपाळावर आठी येत नाही.

आता इथं डॉक्टर येतो. त्याला काय कळतं? नाकातोंडाला फेस आहे का, श्वासनळीत, फुफ्फुसात घाण पाणी गेलंय का, अंगावर मार आहे का, तो मार जिवंतपणीचा आहे का मेल्यानंतरचा. एवढ्यावरून तो सांगू शकतो की माणूस बुडून मेला. पण बुडाला की बुडवला, हे बहुतेक वेळा नुसतं प्रेत बघून सांगता येत नाही. धक्का देणाऱ्या हाताचा ठसा पाण्यावर उमटत नाही. ते सांगायला बाकीची साखळी लागते. कुणी बोलावलं, कुणाबरोबर शेवटचं पाहिलं, बाकीचे दोघं कुठं सापडले, हत्यार कुणी काढून दिलं. सोनईला डोळ्यानं पाहिलेला साक्षीदार नव्हता. खटला उभा राहिला तो परिस्थितीजन्य पुराव्यावर. २० जानेवारी २०१८ ला नाशिकच्या सत्र न्यायालयानं सहा जणांना फाशी सुनावली, एक आरोपी सुटला. डिसेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या सहांतल्या आणखी एकाला सोडलं आणि हयात असलेल्या बाकीच्यांची फाशी कायम केली. साखळी तीच, पण प्रत्येक माणसाभोवती ती पुरते का, हे वेगवेगळं तपासावं लागतं.

आपल्या बैठकांत ह्यावर दोन मतं पडतात. दोन्ही मी ऐकलीत.

एक मत म्हणतं, रिपोर्ट विकत मिळतात. डॉक्टर त्यांचा, पोलीस त्यांचा, प्रयोगशाळा सरकारची. कागदावर विश्वास ठेवायचा नाही.

दुसरं मत म्हणतं, अरे, साक्षीदार फितूर होतात, विज्ञान फितूर होत नाही. खर्ड्याचा नितीन आगे आठवा. २८ एप्रिल २०१४ ला पोरगं मारून झाडाला लटकवलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे निर्दोष सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक उलटले. गावात राहायचंय त्यांना. ज्याचं पोट पाटलाच्या शेतावर, त्याची जीभ किती टिकणार? म्हणून रक्त, हाड, केस हेच आपले साक्षीदार.

मी म्हणतो, दोन्ही मतं अर्धी आहेत. रक्त खोटं बोलत नसेल, पण ते स्वतः न्यायालयात येत नाही. त्याला कुणीतरी उचलतो, बाटलीत भरतो, सील करतो, गाडीत घालतो, तपासतो, त्यावर लिहितो. एवढ्या माणसांच्या हातातून ते जातं. आणि माणूस आला की जात आली, पगार आला, आळस आला, दबाव आला.

आम्हां गोदीवाल्यांना हे शिकवावं लागत नाही. कंटेनर आला की आधी सील बघतात. नंबर कागदाशी जुळतो का, तुटलंय का, दुसरंच ठोकलंय का. सील तुटलेलं असेल, तर आत सोनं असलं तरी मी हात लावत नाही. पुढं चोरीचा आळ हमालावरच येतो. खुनाच्या मुद्देमालाचंही तसंच. जप्ती कधी, सील कुणी केलं, मालखान्यात किती दिवस पडून, प्रयोगशाळेत कुणी नेलं, तिथं सील शाबूत होतं का?

दिल्लीचा छावला खटला बघा. २०१२ साली एका पोरीवर अत्याचार करून तिला मारलं. तिघांना फाशी झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिघांना सोडलं. न्यायालयानं विचारलं, नमुने बरेच दिवस मालखान्यात पडून होते, त्यात फेरफार झालाच नाही हे कशावरून? डीएनएचा निष्कर्ष कुठल्या पद्धतीनं काढला, ती नीट वापरली का, हे खालच्या न्यायालयांनी तपासलंच नाही. आरोपी सुटले. त्या पोरीच्या आईबापाला काय मिळालं? कच्च्या सीलचा मार फिर्यादीलाही बसतो, हे ध्यानात ठेवा.

आणि खैरलांजी. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. पहिलं शवविच्छेदन असं झालं, की पुरलेली प्रेतं उकरून पुन्हा तपासावी लागली. पुढं खून सिद्ध झाले, पण बलात्कारासाठी कुणी दोषी ठरलं नाही, अॅट्रॉसिटीचा कायदाही लागला नाही. जो नमुना पहिल्या दिवशी नीट घेतला नाही, त्याची दहा वर्षांनी कुठला मोठा वकील उलटतपासणी करणार? मोर्चा दुसऱ्या आठवड्यात निघतो. पुरावा पहिल्या रात्रीच सडतो.

आता दुसऱ्या पिंजऱ्याकडे वळू या. २००३ साल. एका कुटुंबातली पाच माणसं मारली गेली. भटक्या जमातीतले सहा जण धरले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी दिली. १० वर्षांनी, ५ मार्च २०१९ ला, त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. डोळ्यानं पाहिलेल्या साक्षीदारानं पोलिसांच्या फोटोंतून आधी भलतेच चार जण ओळखले होते. ती गोष्ट दडपली गेली. १६ वर्षं तुरुंगात, आणि भरपाई माणशी ५ लाख. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा २०१६ चा अहवाल सांगतो, फाशी झालेल्या शंभरांतले ७६ मागास जातींचे नाहीतर धार्मिक अल्पसंख्याक. म्हणून फाशी द्या अशी घोषणा देताना एवढं लक्षात ठेवा, की तो दोर सगळ्यात जास्त कुणाच्या गळ्याला सवयीचा आहे. सोनईच्या आईचा राग मला कळतो. त्या रागासाठीच पुरावा पक्का पाहिजे.

कायदा काय म्हणतो? १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात ४५ वं कलम होतं. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य अधिनियम आला, त्यात ते ३९ वं झालं. अर्थ तोच. तज्ज्ञ देतो ते मत. निकाल न्यायाधीशानं द्यायचा. मताला कारणं लागतात. कारणं न सांगणारा तज्ज्ञ आणि अंगात आलेला भगत, दोघांत फरक काय राहिला?

परिस्थितीजन्य पुराव्यासाठी सर्वोच्च न्यायालयानं १९८४ साली पाच कसोट्या घातल्या. खटला आपल्या पुण्याचा, सारडा खटला. विवाहितेचा पोटॅशियम सायनाइडनं मृत्यू. विष सापडलं, पण ते नवऱ्यानंच दिलं हे सिद्ध झालं नाही, तो सुटला. त्या कसोट्यांना न्यायालयानं शब्द वापरला पंचशील. आपल्याला हा शब्द नवा नाही. प्रत्येक गोष्ट पूर्ण सिद्ध पाहिजे. ती फक्त आरोपीच्या दोषाशीच जुळली पाहिजे. पुरावा निर्णायक पाहिजे. दुसरी कुठलीही शक्यता उरता कामा नये. आणि साखळी अखंड पाहिजे. हे शील विहारात म्हणतो तसंच पाठ करा.

नव्या कायद्यात दोन गोष्टी आहेत. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं जागेवर गेलंच पाहिजे, चित्रीकरण झालं पाहिजे. पण राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची सवड दिलीय. दुसरी गोष्ट घातकी आहे. रिपोर्टवर कुणी हरकत घेतली नाही, तर तज्ज्ञाला न्यायालयात बोलावायचंच नाही. म्हणजे आपण गप्प बसलो, की कागद खरा.

तेव्हा काम काय? वस्तीत काही घडलं की घोषणेआधी एक वही उघडा. प्रेत कधी सापडलं, पंचनामा कधी झाला, पंच कोण, काय काय सील केलं, सगळं वेळेसकट लिहा. पी. एम. रिपोर्टची, सी. ए. रिपोर्टची नक्कल मागा. सी. ए. रिपोर्टमध्ये नुसतं मानवी रक्त लिहिलं असेल, तर कुणाचं म्हणून विचारा. अॅट्रॉसिटी कायद्याच्या २०१६ पासून लागू झालेल्या १५-अ कलमानं पीडिताला हक्क दिलेत. आपल्या पसंतीचा वकील १९९५ च्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याकडे मागता येतो. आणि आपला पोरगा आरोपी असेल, तर फुकटच्या वकिलाला सांगा, साहेब, तज्ज्ञाला बोलवा, उलटतपासणी करा.

आपल्या वस्तीतली पोरं शिकतायत. सगळीच वकील, कलेक्टर व्हायला निघालीत. चार जणांनी रसायनशास्त्र घ्या. प्रयोगशाळेत जा, शवागारात जा. आजवर शवागारात आपण प्रेत धुवायला, फाडायला उभे राहिलो. सुरी आपल्या हातात आणि मत साहेबाचं. आता मत लिहायलाही उभे राहू. आणि लिहिलेल्या मतावर दुसऱ्या कुणी प्रश्न विचारला, तर रागावू नका. त्याचं कारण सांगा.

बाबासाहेबांनी शिका म्हटलं ते हात जोडून ऐकण्यासाठी नव्हे. टाकीत पडलेल्या संदीपला बोलता येत नव्हतं. त्याच्या वतीनं पहिला प्रश्न आपण विचारायचा. बुडाला की बुडवला?

जयभीम.